उतारावरचे पांढरे ठिपके

१

मा आजींचा मोठा रांजण फुटला तेव्हा प्यो मास्तर तिथं नव्हते. ते डोंगरावरच्या झऱ्यावर पाणी भरायला गेले होते. बहुतेक.

‘बहुतेक’ हा शब्द मास्तरांचाच. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पण स्वतःबद्दल काही सांगायचं झालं की वाक्याच्या शेवटी हा शब्द शेपटासारखा लागायचा. जेवलो, बहुतेक. दार लावलं, बहुतेक. बायको असताना ती म्हणायची, “लग्नात ‘हो’ तरी नीट म्हणालात की तेही बहुतेक?” आता ती नव्हती, आणि शेपूट लांबत चाललं होतं.

पाण्याचे कॅन घेऊन ते गाडीनं परत आले तर वसाहतीच्या उताराच्या पायथ्याशी गर्दी. शेजारच्या दोकबेचा निळा टेम्पो आजींच्या ओट्यात नाक खुपसून उभा होता. ओट्यावरचे लहान रांजण वाचले होते. मधला, माणसाच्या छातीएवढा, उभा चिरला होता आणि त्यातला काळाभोर सोया सॉस पायऱ्यांवरून समुद्राच्या दिशेनं निघाला होता. सगळ्या उताराला त्याचा जड, गोडसर वास येत होता.

हा सॉस काही दुकानातला नव्हे. आजींच्या सासूनं तिच्या सासूकडून घेतलेला. दरवर्षी नवा सॉस त्याच्यात मिसळायचा आणि जुना पुढं चालवायचा, विरजण चालवतात तसा. बुसानच्या या टेकडीवर आजी नवी नवरी म्हणून आल्या, त्या डोक्यावर हाच रांजण घेऊन, असं सांगायचे.

आजी ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मांडीवर गुळगुळीत दगड घेऊन त्याला काथ्यानं घासत होत्या. किमची, ते कोबीचं तिखट लोणचं, दडपायला ठेवतात तसला.

“डांबर लागलंय मेलं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “निघत नाही.”

“आजी, राहू द्या तो दगड,” कुणीतरी म्हणालं.

“आँ?”

“दगड राहू द्या!”

“राहू कसा देऊ? आज किमची घालायची ना? रांजण फुटला म्हणून कोबी थांबणार आहे?”

मास्तरांची मुलगी ना-ग्योंग पहाटेच्या गाडीनं सोलहून आली होती, खास किमचीच्या दिवसासाठी. ती गर्दीतून बाहेर आली आणि त्यांच्या हातातला कॅन घेतला. तिचा चेहरा उतरला होता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “सकाळी तो टेम्पो तुम्ही ढकललात?”

२

ढकलला होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. वसाहतीत गाड्या जास्त आणि जागा कमी, म्हणून उशिरा येणारा दुसऱ्याच्या गाडीसमोर आपली आडवी लावतो, न्यूट्रलमध्ये ठेवतो आणि हँडब्रेक मोकळा सोडतो. ज्याला सकाळी निघायचं असेल त्यानं ढकलून बाजूला करावी. अख्खा देश असंच करतो. कोबीच्या टबांनी भरलेला टेम्पो दोकबेनं आदल्या दिवशी मास्तरांच्या गाडीसमोर लावला होता. मास्तरांनी तो ढकलला, गाडी काढली आणि डोंगराकडे गेले.

प्रश्न एवढाच होता की कुठं ढकलला. वसाहतीसमोरचा रस्ता सपाट. एका टोकाला पर्सिमनचं झाड, दुसऱ्या टोकाला सार्वजनिक नळ. नळापाशी रस्ता एकदम मोडतो आणि तिथून सरळ उतार, खाली आजींच्या ओट्यापर्यंत.

“झाडाकडे ढकलला,” मास्तर म्हणाले. आणि मग, “बहुतेक.”

“बहुतेक!” यांग काकूंनी कपाळाला हात लावला. त्या वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. हातात गुलाबी रबरी हातमोजे, आवाज बाजाराला पुरेल एवढा. “सर, अहो झाडाकडे ढकलला असता तर तो उलटा चालत आला का नळाकडे? पाय फुटले त्याला?”

“तुम्ही कुठं होता तेव्हा?” ना-ग्योंगनं विचारलं.

“मी वर. हातमोजे आणायला गेले होते. तेवढ्यात धडाड आवाज झाला.” काकूंनी नजर वर ताडपत्रीकडे वळवली. झाडाखाली निळी ताडपत्री पसरून तिच्यावर कोबीचा डोंगर रचला होता. “आणि माझ्याकडे असं बघू नकोस गं. मला ठाऊक आहे लोक काय बोलतायत. मी तो ओटा पाडून दोन गाड्यांची जागा करा म्हटलं होतं. मीटिंगमध्ये म्हटलं होतं, तोंडावर! टेम्पो सोडून देणारी बाई नाही मी.”

दोकबे मध्येच सरसावला. धिप्पाड माणूस, पण आज कोबीच्या पानासारखा मलूल. “सर, मी रात्री सपाट जागेवरच लावला होता. न्यूट्रल होता, ते कबूल. पण सपाटीवर! सकाळपासून हात नाही लावला. बायकोला विचारा, मी कढण पीत होतो.”

“बायको तुझ्याच बाजूनं बोलणार,” यांग काकू म्हणाल्या.

“माझी बायको? माझ्या बाजूनं?” दोकबे म्हणाला, आणि इतक्या वाईट प्रसंगातही दोघंतिघं हसली.

मास्तर कधी निघाले हे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे घरात नाश्ता करत होते. त्यांच्या गाडीत गाणी लागली होती आणि कान तर वयानं बसलेलेच. मागं काही गडगडलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

गर्दी हळूहळू पांगली. जो तो मास्तरांची नजर चुकवून गेला. हेच त्यांना जास्त लागलं. यांग काकूंनी वर जाता जाता नळापाशी एवढंच केलं, पायाखालचा चिरडलेला मुळा गटाराकडे लाथाडला आणि बडबडल्या, “चांगला मुळा वाया घालवला कुणीतरी.”

ना-ग्योंगनं त्यांचा हात धरला. “बाबा, गेल्या महिन्यात किटली जळली. आता हे. माझ्याकडे खोली रिकामी आहे. मी रागावून नाही म्हणत.”

ती रागावून म्हणत नव्हती, म्हणूनच नाही म्हणणं कठीण होतं. हे घर, ही टेकडी, खालचा समुद्र, शनिवारचं झऱ्याचं पाणी. हे सगळं एका शब्दावर लटकलं होतं. झाडाकडे की नळाकडे?

त्यांनी मान खाली घातली. आणि खाली, रस्त्यावर, त्यांना पांढरे ठिपके दिसले.

३

टेम्पोच्या मागच्या एका टबाला चीर होती. खारवलेल्या कोबीचं पाणी तिच्यातून सारखं ठिबकत होतं. आताही, टेम्पो आजींच्या ओट्यात अडकलेला असताना, ते मागच्या फाळक्यावरून थेंब थेंब पडतच होतं, घड्याळासारखं. कोरड्या नोव्हेंबरच्या वाऱ्यात पाणी वाळलं आणि मागं मिठाचे पांढरे ठिपके राहिले.

मास्तर कितीतरी वेळ त्या ठिबकण्याकडे बघत राहिले. ठप्. ठप्. ठप्. दोन थेंबांमधला वेळ सारखाच.

“बाबा, चला ना आत.”

“थांब गं.” त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. “हे वाचता येईल.”

उतारभर ठिपक्यांची रांग होती. वर जवळजवळ, खाली येता येता दूर दूर. मास्तर नळापाशी गेले. तिथला रस्ता सकाळपासून टब धुऊन मिठानं पांढराच झाला होता. रांग त्या पांढऱ्यातून बाहेर पडत होती.

“हे बघ,” ते म्हणाले. “उतारावर उभी असलेली वस्तू नुसती सोडली, ढकलली नाही, तर तिचा वेग सारख्या दरानं वाढतो. पहिल्या ठोक्यात ती समज एका बुटाइतकी सरकली, तर दुसऱ्या ठोक्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. नेहमी. टेम्पो असो की संत्रं.”

“आणि ढकलली असेल तर?”

“मग ती आधीच वेगात असते. पहिलंच पाऊल मोठं पडतं. एकापासून सुरुवात होत नाही.”

ना-ग्योंगला हे शाळेत त्यांनीच शिकवलं होतं, आणि तिला तेव्हाही आवडलं नव्हतं. पण आता ती खाली बसली.

मास्तरांच्या मनात हिशोब सरळ होता. टेम्पो नळापाशी उभा होता आणि तिथून नुसता सुटला असेल, तर कुणीतरी तो नंतर तिथं आणून उभा केला असणार. मग मास्तर सुटले. पण पहिलंच पाऊल मोठं असेल तर टेम्पो सपाटीवरून वेग घेऊनच आला. म्हणजे कुणीतरी ढकलला, हात सोडले आणि मागं न बघता निघून गेला. तसा निघून गेलेला माणूस वसाहतीत एकच होता.

ते टाचेला चवडा लावत चालू लागले. पांढऱ्या डागाच्या कडेला पहिला ठिपका. तिथून पुढचा ठिपका येईपर्यंत ओठ हलत होते.

एक बूट. ठिपका नाही.

दोन बूट. ठिपका.

मास्तर थांबले. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. पुढं चार. मग सहा. मग आठ.

“दोन, चार, सहा, आठ,” ना-ग्योंग म्हणाली. “एक, तीन, पाच, सात नाही.”

“नाही.”

“म्हणजे टेम्पो ढकललेला होता.”

मास्तर रस्त्याच्या कडेला बसले. जन्मभर ज्या नियमावर विश्वास ठेवला, त्यानंच त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

४

किमचीचं काम मात्र सुरू झालं होतं. आजींनीच सुरू केलं. तिखट, लसूण, खारवलेल्या मांदेलीचा रस, सगळं मोठ्या टबांत पडलं आणि बायकांच्या बाह्या वर सरकल्या.

मास्तर घरात गेले. कपाटातून लहान बॅग काढली. दोन सदरे ठेवले, एक पुस्तक ठेवलं, ते काढून दुसरं ठेवलं, दुसऱ्याबद्दलही शंका आली म्हणून दोन्ही ठेवली. मग खाली येऊन सगळ्यांसमोर सांगावं असं ठरवलं. आजी, मी केलं. एवढंच वाक्य. शेपूट न लावता.

ते बाहेर आले तेव्हा दोकबेनं टेम्पो ओट्यातून सोडवला होता आणि उतारानं वर आणत होता. मागं कोबीत ना-ग्योंग उभी. बायकांना भरलेले टब लवकर हवे होते. रस्ता सपाट झाला तसा त्यानं वेग घेतला.

“ताई, घट्ट धरा हं!”

“तू पुढं बघ!” ना-ग्योंग ओरडली, आणि फाळक्यावर ठेवलेला एक कोबी तिच्या हातून निसटला.

कोबी सरळ खाली पडायला हवा होता. नळाजवळ पडायला हवा होता, कारण टेम्पो नळाजवळ असताना तो सुटला. पण तो टेम्पोबरोबरच पुढं आला, चांगला तीन-चार पावलं पुढं आपटला आणि घरंगळत मास्तरांच्या पायाशी येऊन थांबला.

मास्तर कोबीकडे बघत राहिले.

“गाढव,” ते म्हणाले.

“सर?” दोकबेनं खिडकीतून डोकं काढलं. “चुकून पडला हो!”

“तू नाही रे. मी!” मास्तरांनी कोबी उचलून छातीशी धरला. “जन्मभर पोरांचे गुण कापले मी ह्याच चुकीसाठी! चालत्या गाडीतून सुटलेली वस्तू गाडीचा वेग घेऊन सुटते. ती जिथं सुटते तिथं पडत नाही, पुढं पडते. थेंबसुद्धा!”

ना-ग्योंग टेम्पोतून उडी मारून आली. वडिलांना कोबी कवटाळून हसताना पाहून तिला आधी भीतीच वाटली.

“अगं, फाळका कमरेइतका उंच. थेंबाला खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात तो गाडीबरोबर पुढं सरकतो. पहिला थेंब पडला तेव्हा टेम्पो उभा होता, म्हणून तो सरळ खाली. दुसरा पडताना टेम्पो चालायला लागला होता, म्हणून तो पुढं. म्हणून पहिलं अंतर लांब दिसतंय. ढकलल्यामुळे नाही!”

“हे नक्की?”

मास्तरांचं तोंड सवयीनं उघडलं, आणि मिटलं.

“करून बघू,” ते म्हणाले.

५

सगळी वसाहत नळापाशी जमली. तिखटानं लाल झालेले हात पुढं धरून, कुठं लागू नयेत म्हणून. दोकबेनं हातगाडी आणली. तिच्यावर खोकी रचून टेम्पोच्या फाळक्याएवढी उंची केली आणि वर तोच चिरलेला टब ठेवला. ठप्, ठप् सुरू झालं. थेंबाचा ठोका तोच, उतार तोच.

“कुणी ढकलायची नाही,” मास्तर म्हणाले. “नुसती सोडायची. खाली दोघं उभे राहा, नाहीतर आजींचे उरलेले रांजणही जातील.”

“मी उभी राहते,” यांग काकू पटकन म्हणाल्या, आणि खरंच खाली जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या.

थेंब पडला त्याच क्षणी दोकबेनं हात काढला. हातगाडी आळसावल्यासारखी निघाली, मग चालली, मग धावली. यांग काकूंनी आणि आणखी एकानं ती छातीवर झेलली. मास्तर ओल्या ठिपक्यांवरून टाचेला चवडा लावत निघाले. या वेळी त्यांच्याबरोबर सगळेच मोजत होते.

“एक… दोन!”

“चार!”

“सहा!”

“आठ!” शेवटचा आकडा सगळ्या टेकडीनं ऐकला असेल.

जुने पांढरे ठिपके आणि नवे ओले ठिपके शेजारी शेजारी बसले होते.

“म्हणजे टेम्पो कुणी ढकलला नाही,” मास्तर म्हणाले. “तो इथं नळापाशी स्थिर उभा होता आणि इथूनच सुटला. पण उताराच्या तोंडावर न्यूट्रलमधला टेम्पो आपण होऊन उभा राहत नाही. त्याला कशानं तरी अडवलं होतं. आणि मी असं काही अडवल्याचं मला आठवत नाही. विसरलो असेन म्हणाल, तर विसरण्यासाठी सुद्धा तो आधी इथं आणावा लागतो. मला तो इथं आणायचं कारण काय? माझी गाडी तर याच बाजूनं बाहेर पडणार होती, मी स्वतःचीच वाट कशाला अडवू?”

ते गटाराकडे गेले आणि चिरडलेला मुळा उचलला. एका बाजूनं सपाट झाला होता, आणि त्या सपाट बाजूवर टायरची नक्षी उमटली होती, साच्यातून काढल्यासारखी.

“हा एका चाकाखाली होता. मुळ्यानं टेम्पो अडवायचं फक्त आजच्या दिवशी कुणाला सुचेल.” मग ते झाडाकडे वळले. “आणि ती ताडपत्री. माझ्या आठवणीप्रमाणे टेम्पो झाडाखाली होता. तिथं ताडपत्री पसरायची तर तो आधी हलवायला हवा. ताडपत्री कुणी पसरली?”

उताराखाली यांग काकू अजून हातगाडी धरून उभ्या होत्या. त्यांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा.

“मी पसरली,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा लहान कुणी ऐकला नव्हता. “मीच आणला टेम्पो नळापाशी, टब उतरवायला सोपं म्हणून. पण मी अडवला होता सर! एका चाकाला मुळा, दुसऱ्याला चांगला जड दगड. नळावर धुऊन ठेवलेल्यातला. शपथ! मग वर गेले, खाली येते तर… मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? ओटा पाडा म्हणणारी मीच ना!”

“आणि मला अडकू दिलंत?” मास्तर म्हणाले. रागानं नव्हे, माहिती विचारावी तसं.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “संध्याकाळपर्यंत सांगणार होते. बहुतेक.”

मास्तरांना हसू आलं.

“पण मग तो दगड कुठं गेला?” दोकबेनं विचारलं. “एकट्या मुळ्यावर टेम्पो किती टिकणार? जरा वेळ दम धरेल आणि फुटेल. दगड कुणी काढला?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मास्तर मात्र बघत नव्हते. त्यांना उत्तर कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

६

आजी आपल्या ओट्यावरच होत्या. पोरवयात त्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायच्या. तेव्हाच पाण्याच्या दाबानं कान गेले. खडकाला चिकटलेला शिंपला उपटायची लोखंडी पट्टी अजून त्यांच्या कमरेला असायची, आता ती लसूण खरवडायला. टबात कोबी रचला होता, त्यावर झाकण, झाकणावर गुळगुळीत दगड. दगडावर काळा ओरखडा. डांबर नव्हे. टायरचं रबर.

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. वर लोक होते, म्हणून कानाशी वाकून म्हणाले, “आजी, हा दगड सकाळी तुम्हाला कुठं मिळाला?”

“आँ?”

“हा दगड,” जरा मोठ्यानं, “कुठं होता?”

“काय म्हणता मास्तर? तोंडातल्या तोंडात बोलू नका!”

मास्तरांनी वर पाहिलं, डोळे मिटले आणि वर्गातला आवाज काढला. “दगड! टेम्पोच्या चाकाखाली होता का?”

उतारावरच्या सगळ्या हालचाली थांबल्या.

“होता ना!” आजी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. “माझा दगड! चाळीस वर्षं किमचीवर ठेवते मी तो, आणि कुणी मेल्यानं चाकाखाली टाकलेला. निघेना, तर पट्टी घालून उपटला आणि मागच्या पायऱ्यांनी घरी…”

त्या थांबल्या. दगडाकडे बघितलं. उताराकडे बघितलं. वर उभ्या असलेल्या टेम्पोकडे बघितलं.

“तो लगेच नाही हलला,” मास्तर तसंच मोठ्यानं म्हणाले. “यांग काकूंनी एका चाकाला हा दगड लावला होता, दुसऱ्याला मुळा. तुम्ही पायऱ्यांवर वळलात, मग मुळा फुटला. तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.”

आजींनी दगडावरून हात फिरवला. मास्तरांना वाटलं, आता ही बाई कोसळणार. बोलायला नको होतं. नेहमीसारखं चुकलंच आपलं.

मग आजींचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“सकाळपासून शिव्या देतेय मी!” त्या वर बघून ओरडल्या. “ज्यानं केलं त्याच्या किमचीत अळ्या पडोत म्हणाले! ऐकलं का सगळ्यांनी? माझ्याच किमचीत पडणार! यांग, ये इकडे. अगं रडतेस काय, माझ्या दगडाला हात लावायच्या आधी विचारायचं होतंस एवढंच!”

यांग काकू हातगाडी सोडून धावतच आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी आजींचे हात धरले. आजींचे हात तिखटानं लाल, काकूंचे त्यांच्यात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. ना-ग्योंगनं दोघींचे डोळे पदरासारख्या एप्रनच्या टोकानं पुसले.

“पण सॉस गेला,” थोड्या वेळानं आजी म्हणाल्या. आता हसू ओसरलं होतं. “सासू विचारेल तिकडे गेल्यावर. काय सांगू?”

मास्तर उठले. घरी गेले. बॅग अजून दारातच होती, ती ओलांडून स्वयंपाकघरात गेले. खालच्या फळीवर, मागं, काळी बाटली होती. पंचवीस वर्षांपूर्वी ते इथं राहायला आले तेव्हा आजींनी बायकोला दिली होती. नव्या घराला जुना सॉस म्हणून. बायको दरवर्षी त्यातलं थोडं वापरायची आणि नवं घालायची. ती गेल्यावर मास्तरांनी बाटलीला हात लावला नव्हता. उघडली तर वास निघून जाईल असं वाटायचं.

त्यांनी ती आजींच्या ओट्यावर ठेवली.

आजींनी बूच काढलं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच गं बाई.”

“अहो, आमच्याकडे पण आहे की!” दोकबे म्हणाला. “लग्नात दिली होती आजीनं. बायको कुणाला हातसुद्धा लावू देत नाही.” तो धावला. यांग काकू धावल्या. एकेक दार उघडू लागलं. कुणी बाटली आणली, कुणी वाटी, कुणी लहानशी बरणी झाकणाला फडकं बांधून. आजींनी सगळ्या वर्षांत दिलेला एकेक घोट उतारानं परत खाली येत होता. शेजारच्या रिकाम्या रांजणात तो पडताना आजी प्रत्येकाचा वास घेत होत्या आणि शेरे मारत होत्या. “हिनं मीठ जास्त घातलंय. दोकबे, तुझ्या बायकोला सांग, तिचा सगळ्यात चांगला आहे. तुझ्यापेक्षा तर नक्कीच.”

ऊन कलायला लागलं तेव्हा कोबीचा डोंगर संपला. उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची, सगळे रस्त्यावरच बसून जेवले. मग ताडपत्री उचलायची वेळ आली. एक टोक मास्तरांनी धरलं, एक ना-ग्योंगनं.

ताडपत्री उचलली आणि ना-ग्योंग तशीच उभी राहिली.

झाडाच्या बुंध्याशी, रस्त्यावर, मिठाचा पांढरा डाग होता. एकाच जागी थेंबावर थेंब पडून झालेला, ताटलीएवढा. टेम्पो तिथं निवांत बराच वेळ उभा होता, कुणीतरी तो तिथं नीट ढकलून ठेवल्यावर.

तिनं डागाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. दारातली बॅग तिला मघाशीच दिसली होती.

“पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येते,” ती म्हणाली. “कोबी खारवायला.” मग ताडपत्रीचं टोक त्यांच्या टोकाला आणून जुळवत तिनं विचारलं, “बाबा, सकाळी टेम्पो कुठं ढकलला होतात?”

मास्तरांनी घडी नीट केली.

“झाडाकडे,” ते म्हणाले.